पैनगंगेपलीकडची वीज



मंडळी हे एक शरीर आहे, या संत पौलाच्या शिकवणीवर (1 करिंथ 12) प्रवचने पुष्कळ होतात. त्यांत बहुधा गोड बाजूच येते: हात, पाय, डोळे, सारे एकमेकांच्या कामाचे. जोडलेले असण्याची किंमतही मोजावी लागते, हे कोणी फारसे बोलत नाही.

जुलै 2012 आठवा. 30 तारखेला पहाटे उत्तर भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही. साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली, गाड्या जागच्या जागी थांबल्या, पश्चिम बंगालमध्ये खाणकामगार जमिनीखाली अडकले. सुरुवात बीना-ग्वाल्हेर या 400 केव्हीच्या लाईनपासून झाली. ती तुटताच तिचा भार शेजारच्या लाईनींवर गेला. भार वाढलेला पाहून त्यांच्या संरक्षक यंत्रणेने त्यांनाही तोडले, मग तो भार पुढच्यांवर. प्रत्येक लाईन स्वतःपुरती वाचली आणि ग्रिड गेली. चौकशीत हेही निघाले की काही राज्ये ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती.

आम्हांला इथे बारावा नव्हे, त्याच्या आधीचा अकरावा अध्याय आठवतो. प्रभुभोजनाला जमलेल्यांतले काही जण आपले आधी खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतो, म्हणून पौल करिंथकरांना खडसावतो. शरीराची उपमा तो त्यानंतर देतो. क्रम लक्षात घ्या.

आपला आदिलाबाद त्या अंधारात सापडला नाही, कारण दक्षिणेची ग्रिड तेव्हा वेगळी होती. पैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या केंद्रात पश्चिमेच्या एसी विजेची डीसी करून पुन्हा एसी केली जाई आणि ती रामगुंडमकडे येई, तीही जास्तीत जास्त 1000 मेगावॉट. दोन्हीकडचा ठोका वेगळा, देवाणघेवाण मोजून.

मराठी मिस्सा तेलुगू बांधवांपासून कायमची वेगळी करावी, असे आपल्यातले काही जण म्हणतात. त्यांची भांडणे आपल्या अंगणात नकोत, हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जुलै 2012 त्यांच्याच बाजूने बोलतो. पण त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात कारखान्यांना पॉवर हॉलिडे होता, शेतकरी करंटची वाट पाहत रात्री जागत होते, आणि बाहेरून हवी तेवढी वीज आणायला वाट नव्हती. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन जोडली गेली आणि सारा देश एका ठोक्यावर आला, सेकंदाला 50 आवर्तने. आज पंजाबात मोठे केंद्र अचानक बंद पडले, तर त्याचा धक्का रामगुंडमच्या जनित्रालाही बसतो, आणि सावरायला तेही जोर लावते.

आणखी एक. बंद पडलेले औष्णिक केंद्र स्वतःच्या बळावर सुरू होत नाही. पंप आणि पंखे फिरवायला बाहेरून वीज लागते; 2012 मध्ये उत्तरेला ती शेजारच्या ग्रिडकडून मिळाली. मयताच्या घरी प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत, तेव्हा शेजारी येऊन जपमाळ म्हणतात. ते तेलुगूत म्हणतात की मराठीत, हे त्या घरातले कोणी विचारत नाही.

म्हणून आमचे मत असे: मिस्सा एकत्रच राहावी. वाचने दोन्ही भाषांत व्हावीत, गायनमंडळाने मराठी गीते गाळू नयेत, आणि सणाच्या जेवणाला लांबच्या वस्त्यांतून चालत येणाऱ्यांची पंगत पहिली बसावी. येत्या बैठकीत हे आम्ही मांडणार आहोत. वाद झालाच तर तो पंगतीवरून होईल, असे दिसते.