पेत्राचा नकार

सेवा या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. देशसेवा, समाजसेवा, रुग्णसेवा, गुरुसेवा; स्नेहसंमेलनातील कोणतेही भाषण यांपैकी एका तरी शब्दावाचून पुरे होत नाही. सेवा करून घेणे या क्रियेला मात्र आपल्या कोशात प्रतिष्ठा नाही. 'तो लोकांकडून सेवा करून घेतो' असे कोणी म्हटले, की तो गृहस्थ एक तर आळशी असावा किंवा पुढारी, असे आपण समजून चालतो. मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्या मंडळीत सेवेवर जितकी प्रवचने होतात तितकी दुसऱ्या कशावरही होत नसतील. परंतु ती प्रवचने ज्या प्रसंगावर उभी असतात, त्या प्रसंगात सेवा करणाऱ्याइतकाच महत्त्वाचा एक दुसरा माणूस आहे, आणि त्याच्याविषयी पाळकसाहेब दोन वाक्यांत आटोपते घेतात. तो माणूस म्हणजे पेत्र.

प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर भोजनास बसला होता. त्या देशात वाटा धुळीच्या आणि पायांत साध्या वहाणा. घरात आलेल्याचे पाय धुणे हे दासाचे, म्हणजे घरातल्या शेवटच्या माणसाचे काम. येशू पानावरून उठला, त्याने वरची वस्त्रे काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि गंगाळात पाणी घेऊन तो एकेकाचे पाय धुऊ लागला. बाकीचे काय म्हणाले ते योहानाने लिहिलेले नाही. पेत्राने मात्र साफ सांगितले, की माझे पाय मी तुम्हाला कधीही धुऊ देणार नाही. त्यावर येशूचे उत्तर मोठे कठोर आहे: मी तुझे पाय धुतले नाहीत तर तुझा माझा काही संबंध उरणार नाही. झाले! पेत्र लगेच हातही धुवा, डोकेही धुवा म्हणू लागला. (पेत्राचा स्वभावच असा. एक तर काहीच नको, नाहीतर सगळेच हवे.)

आपल्या महाराष्ट्रात पेत्राला पाठिंबा देणारे पुष्कळ निघतील. आपल्याकडेही पाय धुतात, पण कोण कोणाचे? शिष्य गुरूचे धुतो. वधूपिता वराचे धुतो. पाण्याची ही धार नेहमी खालून वर वाहते. वरच्याने खालच्याचे पाय धरायचे, हे ऐकूनच आपल्याला अवघडल्यासारखे होते. म्हणून पेत्राचा नकार आपल्याला विनय वाटतो, आणि प्रवचनातही तो विनय म्हणूनच सांगितला जातो.

मला तो विनय वाटत नाही. पेत्र एका शिडीचे रक्षण करीत होता. गुरू वर, मी मध्ये आणि माझ्या खाली आणखी कोणी, अशी ती शिडी. गुरूच जर सर्वांत खालच्या पायरीवर येऊन बसला, तर उद्या मला माझ्या खालच्यापुढे बसावे लागेल, याची चाहूल त्याला लागली असावी. शिवाय ज्याने आपले पाय धुतले त्याच्यापुढे ऐट चालत नाही. आपल्या टाचांच्या भेगा त्याने पाहिलेल्या असतात. संत जनाबाईची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागला, तेव्हा 'देवा, तुम्ही नको' म्हणून तिने त्याला परत पाठविल्याचे मी तरी कोठे ऐकलेले नाही. नामदेवांच्या घरची दासी होती ती. तिच्याजवळ सांभाळायला शिडीच नव्हती.

येशूने दिले काय, याची यादी आम्हाला बालवर्गापासून पाठ असते. त्याने घेतले काय, याची यादी मी एकदा वहीत करून पाहिली. जन्मला तो दुसऱ्याच्या गोठ्यात. गावोगाव हिंडत असताना मग्दालीची मरिया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर बाया आपापल्या पैशांतून त्याचा नि शिष्यांचा खर्च चालवीत, असे लूक नावानिशी सांगतो. यरुशलेमेत शिरताना त्याने शिंगरू मागून आणले. बेथानीत मरियेने मोलाचे सुगंधी तेल त्याच्या पायांना लावून ते केसांनी पुसले, तेव्हा हा खर्च फुकट म्हणून कुरकुर झाली. पण त्याने पाय आखडून घेतले नाहीत. विशेष म्हणजे हा प्रसंग बाराव्या अध्यायात आहे आणि शिष्यांचे पाय धुण्याचा तेराव्यात. आधी त्याने आपले पाय दुसऱ्याच्या हाती दिले, मग दुसऱ्यांचे हाती घेतले. वधस्तंभ वाहायला कुरेनेकर शिमोन, आणि शेवटी थडगेसुद्धा अरिमथाईकर योसेफाचे.

या यादीतला एक प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण तो आपल्या मातीत फार खोल जातो. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसलेला येशू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ती चकित होते. यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. महाराष्ट्रात या गोष्टीला टीप जोडावी लागत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे ओंजळभर पाण्यासाठी गेली, ती याच भांड्याची गोष्ट. त्याआधी 1868 मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. फुल्यांचे ते कृत्य थोर होते आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. पण पाणी देणे ही एक पायरी आहे आणि पाणी मागणे ही त्याच्या पुढची. विहिरीवर येशूने त्या बाईला आधी काही दिले नाही, आधी मागितले. तुझ्या भांड्यातले पाणी मला चालते, असे मागण्यानेच सांगितले. उपदेश नंतर आला. दलित वस्तीत वह्या वाटायला जाणारे पुष्कळ असतात. तिथल्या माठातले पाणी तहान लागली म्हणून मागून पिणारे किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखलाही आम्ही असाच उलटा वाचतो. त्यात आम्ही नेहमी मदत करणारा होतो. परंतु शास्त्र्याने 'माझा शेजारी कोण' असे विचारले होते आणि गोष्ट सांगून झाल्यावर येशूने प्रश्न फिरविला: जो लुटारूंच्या हाती सापडला त्याचा शेजारी कोण झाला? म्हणजे ऐकणाऱ्याला त्याने वाटेवर अर्धमेल्या माणसाच्या जागी नेऊन निजविले. ज्याची सावली नको होती, त्याच्या खांद्यावर हात टाकल्यावाचून आता उठता येत नाही. हा दाखला ऐकून त्या शास्त्र्याच्या अंगावर काटा आला असेल. आम्ही तो ऐकून वर्गणी गोळा करतो.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. यापुढचे अवघड आहे, कारण मदत घेणे या गोष्टीचा आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांना एक जुना चटका आहे. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात आणि त्यानंतर महार-मांग समाजातली अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. तेव्हापासून 'पोटासाठी बाटले' हा शब्द आमच्या पाठीवर आहे. 'तुम्हाला काय, तुमचे बाहेरून येते' हे वाक्य मी शाळेत ऐकले आणि महाविद्यालयातही ऐकले. माझे बाबा गवंडीकाम करतात. बाहेरून आमच्याकडे आजवर काही आले असेल तर ते पावसाचे पाणी. अशा माणसांना 'मदत घ्यायला शिका' म्हणून सांगणे हे जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. माझ्याही मनात तो येतो.

2020 च्या टाळेबंदीत बाबांचे काम बंद पडले. एका संस्थेने आमच्या वस्तीत धान्याची पाकिटे वाटली. फलकापुढे रांगेत उभे करून प्रत्येकाचा पाकिटासह फोटो घेतला. आईने पदर तोंडावर ओढला, तर 'बाई, चेहरा दिसू द्या' असे तिला सांगण्यात आले. बाबा त्या रांगेत गेलेच नाहीत. पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या दाराशी ज्वारीचे गाठोडे आणि तुरीची डाळ कोणी तरी ठेवून गेले. मंडळीतल्याच कोणाचे काम असणार. बाबांनी चार घरी चौकशी केली, कारण त्यांना ते फेडायचे होते. कोणाचे कुंपण बांधून द्यावे, कोणाची भिंत लिंपावी. कोणीही कबूल झाले नाही. ज्वारी दळली गेली, खाल्ली गेली. देणारा कोण हे ठाऊक नसल्यामुळे बाबा तेव्हापासून सगळ्यांशीच जरा मवाळ बोलतात, असे आई म्हणते.

या दोन पाकिटांत जो फरक आहे, तोच मला सांगायचा आहे. पहिल्यात देणारा उभा होता आणि घेणारा वाकलेला. दुसऱ्यात देणारा इतका खाली वाकला होता, की तो दिसलाच नाही. पेत्राला जे स्वीकारायला सांगितले होते ते हे दुसऱ्या जातीचे. पहिल्या जातीचे दान नाकारण्यात मला काहीही पाप दिसत नाही. आणि जे मुळात हक्काचे आहे, जसे मजुरी किंवा शिष्यवृत्ती, त्याला मदत म्हणून नमस्कार करण्याचे तर काहीच कारण नाही. ते मागून नव्हे, बजावून घ्यावे.

स्वाभिमान न सोडता घेता येते, याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेले. 1870 नंतरच्या दुष्काळी वर्षांत पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. कुळाच्या आणि विद्येच्या अभिमानामुळे आम्हाला अंगमेहनतही करवेना नि हातही पसरवेना, असे पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. त्याच रमाबाई पुढे इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला राहिल्या. 1883 मध्ये त्यांनी तेथे बाप्तिस्मा घेतला. भाकरी त्यांची घेतली, पण श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी सांगितले ते मुकाट्याने मानले नाही. पत्रांतून कडाकडा वाद घातले. 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली तिथे स्वयंपाक करू लागल्या, विणू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्याच मुक्तीच्या छापखान्यात छापले गेले. उपकार कोणी कोणावर केले, हा हिशेब तिथे कोणाला मांडता येईल असे मला वाटत नाही.

'देणारा घेणाऱ्याहून धन्य' या अर्थाचे प्रभूचे वचन पौलाने इफिसच्या वडीलजनांना ऐकविले, ते आमच्या वर्गणीच्या पेटीवर रंगवलेले आहे. ते खरेच आहे. पण त्या वचनात तुलना आहे. घेणारा अधन्य आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. स्वतः पौल तंबू शिवून पोट भरीत असे. तरीही फिलिप्पैच्या मंडळीने पाठविलेली मदत त्याने घेतली आणि तिची पोच देताना त्याची लेखणी किती अडखळली आहे, ते पत्राच्या शेवटच्या अध्यायात जाऊन पाहावे. मला गरज होती म्हणून हे बोलतो असे नाही, तरी तुम्ही चांगले केले, असा त्या मजकुराचा सूर आहे. एवढ्या मोठ्या प्रेषितालाही नुसते 'मिळाले, आनंद झाला' असे लिहिणे जड गेले! त्या ओळी वाचून मला पौल पहिल्यांदा आमच्या वस्तीतला वाटला.

मित्रहो, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा नाही. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर आठवा. सात दिवस आपण त्या गावात होतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून आपण ओढ्यावर वनराई बंधारा घातला आणि हातांना फोड आले म्हणून एकमेकांना दाखवीत बसलो. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी जर्मनच्या किटलीत चहा घेऊन बंधाऱ्यावर आली. आपल्यापैकी बरेच जण 'नको आजी, आम्ही सेवेला आलोय, तुम्हाला कशाला त्रास' म्हणू लागले. दोघातिघांनी तर म्हातारी कोणत्या आळीतली, याची हळूच चौकशीही केली. ती किटली खाली ठेवून म्हणाली, "मंग आमी नुसतं घेतच बसायचं का रं लेकरांनो? तुमचा बंधारा घ्यायचा आन् तुमाला घोटभर च्या बी पाजायचा न्हाई?" त्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. निम्म्यांनी चहा घेतला. उरलेला तिने किटलीसकट परत नेला.

पाय धुऊन झाल्यावर येशूने शिष्यांना 'माझे पाय धुवा' असे सांगितले नाही. 'एकमेकांचे' असे सांगितले. त्या एका शब्दात पाळी आहे: आज तू वाकशील, उद्या पाय पुढे करशील. ज्याला पाय पुढे करता येत नाहीत, त्याच्या वाकण्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

यंदाच्या शिबिराचे गाव अजून ठरायचे आहे. आपण गावाला काय देणार, याची यादी कार्यक्रम अधिकारी सरांनी नेहमीप्रमाणे फलकावर लावली आहे: श्रमदान, आरोग्य तपासणी, पथनाट्य, वृक्षारोपण. त्याशेजारी आपण गावाकडे काय मागणार, याचीही यादी असावी, असे मी त्यांना सुचविले. सर आधी हसले. मग त्यांनी खणातून एक कोरा कागद काढून माझ्या हाती दिला. त्यावर मी पहिली ओळ लिहिली आहे: रोज वेगवेगळ्या आळीतून पिण्याचे पाणी. कागद कार्यालयाबाहेरच्या फलकाला टाचणीने लावला आहे, आणि खाली पुष्कळ जागा मोकळी आहे.