एकीचा हुकूम आणि पोटाचा हिशेब

'राष्ट्रीय एकात्मता' हा शब्द कुणी उच्चारला की मी आधी बघतो, उच्चारणारा बसलाय कुठं. खुर्चीवर की जमिनीवर?

मलेशियाचंच घ्या. १३ मे १९६९ ला क्वालालंपूरमध्ये मलायी आणि चिनी एकमेकांच्या नरड्याला लागले. सरकारी आकडा १९६ मुडद्यांचा. बाहेरचे अंदाज कितीतरी जास्त. मग राज्यकर्त्यांना एकी आठवली. १९७० साली 'रुकुन नेगारा' आलं : देवावर श्रद्धा ठेवा, राजाशी नि देशाशी इमान राखा. १९७१ साली घटनाच बदलली. मलायींचे खास हक्क, नागरिकत्व, राष्ट्रभाषा यांवर सवाल करायचा नाही. संसदेतसुद्धा नाही!

आणि भांडण कशाचं होतं? १९७० च्या सुमारास कंपन्यांच्या भांडवलात भूमिपुत्रांचा वाटा अवघा २.४ टक्के. मलायी शेतकरी नागवला गेला होता, हे खरंच. पण ६० टक्क्यांहून जास्त भांडवल परदेशी मालकांच्या घशात होतं. गोरा साहेब १९५७ ला झेंडा उतरवून गेला, गल्ला मात्र सोडला नाही. डोकी फुटली ती गरिबांची.

१९७१ च्या नव्या आर्थिक धोरणात लिहिलं होतं : वंश न बघता गरिबी हटवू. मलायी गरीब वर आला, त्याबद्दल माझं काही दुखत नाही. आपल्याकडचे राखीव जागांचे दुश्मन यावर उड्या मारतील. त्यांना सांगा : तिथं सवलती सत्ता हातात असलेल्या बहुसंख्याकाला, इथं पाणवठ्यावर येऊ न दिलेल्याला. दोन्ही एका तागडीत घालू नका.

पण रबराच्या मळ्यावरचा तमिळ मजूर? इंग्रजांनी बोटी भरून नेलेला; त्यात परैयर, पल्लर कितीतरी. मळे विकले गेले, रबराच्या जागी तेलाचे पाम आले, कामाबरोबर खोलीही गेली. २५ नोव्हेंबर २००७ ला भारतीय वंशाचे हजारो लोक क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले. अश्रुधूर, पाण्याचे फवारे. आणि मोर्चा कुणाच्या नावानं? हिंदूंच्या! ज्या धर्मानं परैयराला वेशीबाहेर ठेवलं, त्याच्याच नावानं न्याय मागायची पाळी त्याच्यावर आली.

मला एकी हवीय. पण तोंड दाबून आणलेली एकी म्हणजे मसणातली शांतता. जमीन, खोली, शाळा, नोकरी यांचा हिशेब उघड्यावर मांडा. मलायी, चिनी, तमिळ, जंगलातले ओरांग अस्ली, सगळ्यांच्या देखत. तोवर आपण विचारत राहायचं : कुणाची एकी, कुणाच्या मानेवर?