बाविशीत चेहरा ‘टाइट’ करायची घाई

‘नो सर्जरी, नो पेन, तासाभरात चेहरा टाइट!’ अशा जाहिराती हल्ली अल्लीपूरच्या पोरापोरींच्या फोनमध्येही येऊन पडतात. हिंगणघाटच्या नाहीतर वर्ध्याच्या बसमध्ये बसलं की रस्ताभर रील्स, आणि त्यात एखादी तरी अशीच. गंमत म्हणजे हे उपचार मुळात पस्तिशी-चाळिशीनंतर सैल पडायला लागलेल्या त्वचेसाठी आहेत. विकले मात्र जातायत आपल्याला, ‘प्रिव्हेन्शन’च्या नावाखाली.

आधी हे असतं काय ते बघू. हायफू म्हणजे एका बिंदूवर एकवटलेल्या अल्ट्रासाउंड लहरी. आरएफ म्हणजे रेडिओ लहरी. दोन्हींचं काम एकच, त्वचेच्या आत उष्णता पोचवायची. हायफूत आतला बिंदू साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत तापतो, म्हणजे तिथे मुद्दाम बारीकसा भाजल्याचा घाव केला जातो. शरीर तो भरायला घेतं आणि दोन-तीन महिन्यांत नवं कोलॅजन तयार होतं. कोलॅजन म्हणजे त्वचेला ताठ ठेवणारे प्रथिनांचे धागे. योग्य वयात, योग्य हातात याचा थोडाफार फरक दिसतो, कायमचा नाही. ‘तासाभरात’ जे दिसतं त्यात बराचसा भाग सुजेचा असतो.

आता बाविशीच्या चेहऱ्यात टाइट करायला आहे काय? गाल भरलेले दिसतात ते कोलॅजनमुळे आणि त्वचेखालच्या चरबीमुळे. उष्णता जास्त झाली किंवा चुकीच्या खोलीवर गेली तर नेमकी ही चरबीच कमी होते आणि चेहरा ओढलेला, थोराड दिसायला लागतो. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर 2025 मध्ये सुयांसह आरएफ देणाऱ्या उपकरणांबद्दल इशारा दिला, त्यात भाजणं, व्रण, चरबी कमी होणं, चेहरा विद्रूप होणं, नसांना इजा हे सगळं आहे. आपल्या सावळ्या त्वचेला भाजलं की काळे डाग राहतात, हे वेगळंच.

माझ्या मते खरी गडबड ‘नो सर्जरी’ या दोन शब्दांत आहे. सर्जरी नाही म्हटलं की डॉक्टरही लागत नाही, असं आपण परस्पर धरून चालतो. मग फेशियलच्या खुर्चीवरच मशीन लागली तरी कुणाला काही वाटत नाही.

ओळखीच्या माणसावरचा हा भरवसा किती महाग पडू शकतो, ते आपल्या विदर्भातच दिसलंय. अकोल्यातली कॉलेजमध्ये शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण. स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेली गोरेपणाची क्रीम तिघींनी लावली आणि तिघींनाही किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. 2023 मध्ये ही बातमी आली. केरळमध्येही डॉक्टरांनी किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे 15 रुग्ण तपासले, त्यातले 13 जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. ही क्रीमची गोष्ट झाली, मशीनची नाही. पण रस्ता तोच. आत काय आहे ते कुणी विचारलं नाही, आणि लावणाऱ्या हाताला त्याचं शिक्षण नव्हतं.

मग चेहरा तरुण राहावा असं वाटणं चूक आहे का? अजिबात नाही. फक्त आपल्याकडे त्याचा पहिला शत्रू वय नाही, ऊन आहे. ऑस्ट्रेलियात 903 जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्क्यांनी कमी निघालं. वर्ध्याच्या उन्हाळ्यात स्कूटीवर ओढणी घट्ट गुंडाळून जाणाऱ्या पोरींना ‘डाकू’ म्हणून चिडवतात, पण या बाबतीत त्याच शहाण्या. भर उन्हात उघड्या डोक्याने पऱ्हाटीत निंदणाऱ्या आयाबायांच्या चेहऱ्यावर आणि पोरांच्या मानेवर ऊन काय करतं ते आपण बघतोच. आणि पोरांनो, खर्ऱ्याचंही ऐका. सुपारीमुळे गालाच्या आत नको तेवढं कोलॅजन साठतं, गाल आवळत जातात आणि एक दिवस तोंड उघडेनासं होतं. हेही स्किन टायटनिंगच, आतून झालेलं.

तरीही कुणाला उपचार घ्यायचेच असतील, तर आधी सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात त्वचारोग विभागाच्या ओपीडीत दाखवून या. खर्च क्लिनिकच्या ‘पॅकेज’पेक्षा कितीतरी कमी. आणि ज्याच्याकडे मशीन आहे त्याला विचारा : तुम्ही त्वचारोगतज्ज्ञ आहात का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, मशीन कुठल्या कंपनीची, हँडपीस कोण धरणार, आणि भाजलं तर रात्री फोन कुणाला करायचा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत अ‍ॅडव्हान्स देऊ नका.