छावणीतली मुले आणि मायबोलीची शाळा

ग्वाल्हेरचा सराफा बाजार ज्या वस्तीत आहे, तिचे नावच ‘लष्कर’ आहे. 1810च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेने किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो पुढे हललाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, महाराजवाड्याभोवती पेठा वसल्या, फौजेच्या आणि दरबाराच्या पैशावर सराफांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. मुलुखगिरीवर निघालेली मराठी कुटुंबे अशा रीतीने परमुलखात कायमची स्थायिक झाली. नोकरीसाठी सतत दूर राहणाऱ्या घरांतील मुलांनी काय शिकावे आणि कोणत्या भाषेत शिकावे, हा आज पुन्हा चर्चेत असलेला प्रश्न या शहराने दोनशे वर्षांपूर्वीच अनुभवला आहे.

प्रारंभी तो प्रश्न जाणवला नाही, कारण दरबाराच्या व्यवहारात मराठी होती. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्याप्रमाणेच ग्वाल्हेरच्या सरदार-मुत्सद्द्यांनाही पत्रव्यवहारासाठी मोडी लागे. भाषेला काम होते, म्हणून ती मुलांपर्यंत पोहोचत होती. पुढे काळ बदलला. माधवराव शिंदे यांनी 1897 मध्ये सरदारांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढली. 1908 मध्ये ती किल्ल्यावर, पूर्वीच्या इंग्रजी फौजेच्या बराकींत गेली आणि 1933 पासून सर्वांसाठी खुली झाली. तीच आजची सिंदिया स्कूल. इंग्रजी पब्लिक स्कूलच्या धर्तीवरील या शिक्षणाने सरदारपुत्रांना नव्या जगाची दारे उघडून दिली. मराठी मात्र हळूहळू घर, गणेशोत्सव आणि गाण्याची बैठक यांपुरती उरली. राजकवी भा. रा. तांबे यांच्यासारखा कवी ज्या संस्थानाने मराठीला दिला, त्याच्या राजधानीतील अनेक मराठी घरांत आज मराठी बोलली जाते. ती लिहिता-वाचता येणे ही मात्र सहज गोष्ट राहिलेली नाही.

स्वतंत्र भारताने बदलीच्या नोकरीतील कुटुंबांसाठी वेगळे उत्तर शोधले. 1963 मध्ये वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. वडिलांची बदली ग्वाल्हेरच्या हवाई तळावरून वास्कोच्या नौदल तळावर झाली, तरी मुलाचे पुस्तक आणि परीक्षा बदलू नये, हा तिचा हेतू. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान येथेही ही विद्यालये आहेत. इतर देशांत नेमणूक झालेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांना बहुधा आंतरराष्ट्रीय शाळांत जावे लागते व त्या शुल्काचा भार नियमांनुसार सरकार उचलते. अभ्यासक्रमाचे सातत्य राखण्याचा प्रश्न अशा प्रकारे बऱ्याच अंशी सुटला आहे.

सुटला नाही तो मातृभाषेचा. केंद्रीय विद्यालयांत माध्यम हिंदी व इंग्रजी. प्रादेशिक भाषा अतिरिक्त विषय म्हणून शिकविता येते. परंतु किमान पंधरा विद्यार्थ्यांनी तशी मागणी करावी लागते. छावणीच्या शाळेत देशभरातील मुले एकत्र येतात. तेथे एका भाषेची पंधरा मुले जमणे हा बव्हंशी योगायोगच. नवे शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत, मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरते. त्याच देशाच्या सेवेसाठी घर सोडणाऱ्या जवानाच्या मुलाला मात्र मातृभाषा विषय म्हणूनही मिळण्याची शाश्वती नाही. ही विसंगती धोरणाच्या कागदावर दिसत नाही. आजीचे पत्र मुलाला वाचून दाखवावे लागते, तेव्हा ती उघडी पडते.

उपाय फार खर्चिक नाहीत. पंधरा मुलांची अट एका शाळेपुरती न ठेवता शहरातील वा विभागातील सर्व विद्यालयांची मिळून मोजावी. दूरस्थ वर्गाने एक शिक्षक अनेक तळांवरील मुलांना शिकवू शकतो. मराठी हा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या मान्य विषयांपैकी एक असल्याने परीक्षेची अडचण नाही. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे शनिवार-रविवारच्या मराठी शाळा पालकांच्या श्रमांवर चालवितात. त्यांना जमते ते शासनाला अशक्य नाही. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या गौरवाचा काही अंश या मुलांच्या वाट्याला यायला हवा.

गोमंतकाला हा विषय परका नाही. येथील अनेक घरांतील कर्ते जहाजांवर, आखातात वा विलायतेत आहेत आणि वास्को-दाबोळीच्या तळांवर परप्रांतांतून आलेली मुले शिकत आहेत. जाणाऱ्यांना आपली भाषा नेता यावी आणि येणाऱ्यांना येथील कोकणी-मराठीची ओळख व्हावी, अशी दुहेरी व्यवस्था लहान राज्यात उभारणे तुलनेने सोपे आहे. लष्कर वस्तीत तळ कायमचा झाला, भाषा मात्र पाहुणी ठरली. कारण तिला घराबाहेर काम उरले नाही आणि शाळेत जागा मिळाली नाही. काम निर्माण करणे शासनाच्या हाती नसेल. जागा देणे निश्चितच आहे.