सिंदेवाहीचा पट्ट्यांचा दगड

मागच्या महिन्यात सिंदेवाहीला आपाकडे गेलो होतो. धान निघून गेले होते, बांध्या रिकाम्या पडल्या होत्या, आणि घरात वेगळेच प्रकरण पेटले होते. नववीत शिकणाऱ्या भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी गिट्टीच्या ढिगातून एक दगड उचलून आणला होता. राखाडी, त्यात काळे-पांढरे पट्टे. खाली तिने कार्ड लिहिले होते, "नाइस खडक. वय 350 कोटी वर्षे."

तिच्या धाकट्या चाचांनी ते वाचले आणि म्हणाले, "हे खोडून टाक. अल्लाहने सहा दिवसांत दुनिया बनवली आणि तू कोटींच्या गोष्टी करतेस?" वर फोनवर एक व्हिडिओही दाखवला. पोरगी रडवेली झाली. मी पोहोचताच आपा म्हणाली, "आता तूच बघ, तू विज्ञानाचा मास्तर."

चाचा भला माणूस आहे. फजरची नमाज चुकवत नाहीत, आणि पुतणीच्या फीसाठी पहिला हात त्यांचाच खिशात जातो. म्हणून त्यांना हसण्यावारी नेता येत नाही. चहा घेत मी तो व्हिडिओ पूर्ण पाहिला.

पहिला मुद्दा असा की कार्बन डेटिंग पन्नास हजार वर्षांपलीकडे चालत नाही, मग कोटी वर्षे मोजली कशी? मुद्दा खरा आहे, पण गैरलागू. खडकाचे वय कार्बनने कोणी मोजतच नाही. कार्बन लाकूड, हाडे, कोळसलेले धान्य यांच्यासाठी. खडकासाठी युरेनियम आणि पोटॅशियम आहेत.

युरेनियमची गोष्ट मला फार आवडते. ग्रॅनाइटसारख्या खडकात झिरकॉन नावाचे वाळूच्या कणाएवढे, कधी त्याहून बारीक, स्फटिक असतात. तयार होताना ते युरेनियमला आत घेतात, शिशाला मात्र जवळपास दारातच थांबवतात. नंतर युरेनियम हळूहळू मोडते आणि त्याचे शिसे होते. म्हणजे आत सापडलेले शिसे बहुतेक तिथेच तयार झालेले असते. शिवाय युरेनियम दोन प्रकारचे. एकाचा निम्मा साठा संपायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात, दुसऱ्याचा सुमारे 70 कोटी वर्षांत. मशिदीतले घड्याळ आणि घरातले घड्याळ वेगवेगळ्या कारखान्यांतले असूनही एकच वेळ दाखवत असतील तर आपण विश्वास ठेवतो. इथे एकाच कणात तशी दोन घड्याळे असतात. ती जुळली नाहीत तर मध्ये काहीतरी गडबड झाली आहे हेही तिथेच कळते.

व्हिडिओचा दुसरा मुद्दा जास्त चलाख होता. अमेरिकेत सेंट हेलेन्स ज्वालामुखीवर 1986 साली थिजलेला लाव्हा प्रयोगशाळेत दिला, तर वय निघाले साडेतीन लाख वर्षे! हे खरेच घडले आहे. बायबलच्या आधारे पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणाऱ्या स्टीव्हन ऑस्टिन यांनी तो नमुना दिला होता.

त्या पद्धतीत पोटॅशियमपासून तयार होणारा आरगॉन वायू मोजतात. लाव्हा उकळत असताना पातेल्याचे झाकण उघडे असते, वायू निघून जातो. थिजला की झाकण बंद, आणि आरगॉन साचू लागतो. पण लाव्ह्यात आधीच तयार झालेले जुने स्फटिक तरंगत असतील तर त्यांच्यातला जुना आरगॉन आतच राहतो. आणि दहा वर्षांत नवा आरगॉन तयार होणार किती? ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर सोन्याची अंगठी ठेवायची आणि काटा खोटा म्हणायचे, तसला हा प्रकार.

अंगठी तोलायचा काटाही आहे. इटलीतला व्हेसुव्हियस इ.स. 79 मध्ये फुटला; प्लिनी नावाच्या रोमन तरुणाने तो दुरून पाहिला आणि पुढे पत्रांत लिहून ठेवला. 1997 साली त्याच राखेचे वय आरगॉनच्या सुधारित पद्धतीने काढले. उत्तर आले 1925 वर्षे, 94 वर्षे इकडेतिकडे. प्रत्यक्षात झाली होती 1918.

आपल्याकडचे उदाहरण लोणारचे. तिथला काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर अशनी आदळली, काही दगड वितळला आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आले. या वितळलेल्या दगडाचे वय आधी दुसऱ्या एका पद्धतीने सुमारे 50 हजार वर्षे काढले होते. 2011 साली आरगॉनने ते 5 लाख 70 हजारांच्या आसपास आले. चाचा लगेच म्हणाले, "बघा, यांचेच यांना जमत नाही!" मी म्हटले, भाईजान, आधीचा आकडा चुकला असावा हे कोणी शोधले? याच लोकांनी, याच कामातून. आणि आधीचा धरा की नंतरचा, सहा हजार वर्षांत एकही बसत नाही.

तिसरा मुद्दा, पूर्वी ही मोडतोड भरभर होत असेल. अमेरिकेतल्या त्याच मताच्या शास्त्रज्ञांनी 1997 ते 2005 असा एक प्रकल्पच चालवला. आजच्या वेगाने 50 कोटींहून अधिक वर्षे लागतील एवढी मोडतोड खडकांत झालेली आहे, हे त्यांनी स्वतः मान्य केले. ती थोड्या काळात झाली असे म्हणायचे, तर तेवढी उष्णता गेली कुठे? पृथ्वीच वितळली असती. हा प्रश्न सुटलेला नाही, हेही त्यांनीच लिहिले.

आता खरी गोष्ट. हे सहा हजार वर्षांचे भांडण आपले नाहीच. 1650 साली आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी जोडून पृथ्वीचा जन्म इ.स.पू. 4004 ठरवला. कुरआनात असा हिशेब नाही. सहा दिवसांचा उल्लेख आहे. पण सूरह अल्-हजमध्ये अल्लाहकडचा एक दिवस आपल्या हजार वर्षांसारखा सांगितला आहे, आणि सूरह अल्-मआरिजमध्ये पन्नास हजार वर्षांच्या दिवसाची गोष्ट आहे. उत्क्रांतीवर तुटून पडणारे तुर्कस्तानचे हारून याह्या घ्या. त्यांच्या 2006 च्या जाडजूड ग्रंथातही जीवाश्मांखाली कोट्यवधी वर्षांचेच वय छापले आहे. (त्यांच्या बाकीच्या कारभाराबद्दल इथे नको.) हजरत आदम (अ.) यांचा विषय वेगळा. त्यावर उलेमा बोलतात, बोलावे. दगडाच्या वयाला त्याच्याशी बांधायचे कारण नाही.

आपली परंपरा तर उलटी आहे. हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनी हिंदुस्तानात आला. डोंगराजवळ नद्यांतले गोटे मोठे, पुढे बारीक, शेवटी वाळू, हे पाहून त्याने लिहिले की हे सारे मैदान कधीकाळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने भरला असावा. इमाम गझालींनी ग्रहणाच्या गणिताबद्दल बजावले की सिद्ध झालेली गोष्ट धर्माच्या नावाने नाकारणारा धर्माचेच नुकसान करतो.

मला भीती त्याचीच वाटते. ही मुलगी उद्या नागपूरला कॉलेजात जाईल. व्हिडिओतले मुद्दे पोकळ होते हे तिला पहिल्याच वर्षी कळेल. मग चाचांनी दीनच्या नावाने आणखी काय काय सांगितले होते, ते ती मनात तपासत बसेल. चाचांना हे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण आकडा तिने आणला कुठून?"

प्रश्न रास्त होता. आकडा शेजारच्या बस्तरमधल्या जुन्या खडकांचा होता. तिथल्या काहींचे वय साडेतीन अब्जांच्या आसपास निघाले आहे. हा दगड त्याच जुन्या भूभागाच्या पट्ट्यातला, पण याचे वय कोणी मोजलेले नाही. त्यातून नाइस म्हणजे तापून, दाबला जाऊन रूप बदललेला खडक. त्याच्या एकेका झिरकॉनमध्ये दोन-दोन वये निघतात. "मामू, म्हणजे मीपण चुकले?" भाचीने विचारले. थोडीशी, मी म्हटले.

तिने नवे कार्ड लिहिले, "नाइस खडक, सिंदेवाही. वय मोजलेले नाही. बस्तरमधील अशा जुन्या खडकांचे वय सुमारे 350 कोटी वर्षांपर्यंत." चाचांनी ते दोनदा वाचले आणि प्रदर्शनाच्या दिवशी दगड मोटरसायकलवर स्वतःच शाळेत नेऊन दिला.