चतुष्पादातील तिसरा पाद

राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस साजरा होत असे. २०२५ पासून त्यासाठी २३ सप्टेंबर हा दिवस निश्चित झाला आहे. दिवस बदलला, तरी त्या निमित्ताने होणाऱ्या आपल्या समाजसेवेचे स्वरूप फारसे बदललेले नाही. मंडप, दीपप्रज्वलन, मोफत तपासणी, औषधवाटप आणि समारोप. शिबिरे घेऊ नयेत, असे येथे सुचवावयाचे नाही. ज्यास दवाखान्याची पायरी चढणे परवडत नाही, असा रुग्ण शिबिरातच प्रथम भेटतो. परंतु आठ दिवसांचे औषध घेऊन गेलेल्या त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे वैद्यास बहुधा कळत नाही. ज्या सेवेचे फळ दृष्टीस पडत नाही, तिच्यातून समाधान तरी कसे लाभावे?

याचे कारण आपल्याच शास्त्रात सापडते. चरकाचार्यांनी वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. शिबिरात वैद्य असतो, औषधविक्रेत्या बंधूंच्या औदार्याने द्रव्य असते, रोगीही येतो. उपस्थाता मात्र नसतो. पथ्य सांभाळणारा, वेळेवर औषध देणारा, रुग्णास कुशीवर वळविणारा हा तिसरा पाद घरात असतो आणि त्यास कोणी काही शिकविलेले नसते. वैद्याने व औषधविक्रेत्याने आपल्या गावासाठी काही करावयाचे, तर हा पाद बळकट करावा, असे माझे नम्र मत आहे.

याचे उदाहरण शोधण्यास आपल्या जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. दोघेही आधुनिक वैद्यक शिकलेले. तथापि त्यांच्या कार्याचा कणा ठरल्या त्या गावांनीच निवडून दिलेल्या, बहुतांशी अल्पशिक्षित अशा स्त्रिया. बाळंतपणाची काळजी, अतिसारात मीठ-साखर-पाणी, स्वच्छता, बालकांचा आहार हे त्या शिकल्या व शेजारणींना शिकवू लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरांनी आपले ज्ञान गावाच्या हाती सोपविले, हे त्या यशाचे मर्म होय.

जामखेड जिल्ह्याच्या दक्षिणेस, तर गोदाकाठचे पुणतांबे उत्तरेस. चांगदेवांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्रास परिचित आहेच. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाकही याच गावातून उठली. एकत्र बसून निर्णय घेण्याची ज्या गावास सवय आहे, तेथे तिसऱ्या पादाचे कार्य रुजविणे कठीण नसावे. मात्र काय हवे हे प्रथम गावास विचारावे. ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत वैद्याने श्रोता म्हणून बसावे. आशा सेविकांना विश्वासात घ्यावे. त्यांच्या कामावर आक्रमण होऊ देऊ नये.

त्यानंतर महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोन तासांचा उपस्थाता वर्ग घ्यावा. पक्षाघाताच्या रुग्णास शय्याव्रण होऊ नये म्हणून कूस कशी बदलावी, घास देताना त्यास बसते कसे करावे, मधुमेही शेतकऱ्याने रोज तळपाय का पाहावेत, हे प्रत्यक्ष करून दाखवावे. शुश्रूषेचा भार बहुधा सुनेवर पडतो. म्हणून मुलासही आवर्जून बोलवावे. तोंड वाकडे झाले, वाचा अडखळली, साप चावला, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे, हेही तेथे निःसंकोचपणे सांगावे. आपल्या मर्यादा स्पष्ट सांगणाऱ्या वैद्यावर लोकांचा विश्वास वाढतोच.

औषधविक्रेत्यांचा वाटा यात मोठा आहे. ज्येष्ठांच्या पाकिटांवर औषधाची वेळ ठळक मराठी अक्षरांत लिहून देणे, मुदत संपलेली औषधे घरात पडून राहू न देणे, हे गल्ल्यावर बसूनही साधते. २०२२ पासून केंद्र शासनाच्या निक्षय मित्र उपक्रमात कोणाही नागरिकास क्षयरुग्णाच्या पोषण आहाराची जबाबदारी किमान सहा महिने घेता येते. दर महिन्यास तोच रुग्ण भेटतो. त्याचे वजन वाढताना दिसते.

अशाने व्यवसायाचे नुकसान होईल, ही शंका अनाठायी नाही. लहान गावातील वैद्याचे उत्पन्न बेताचेच असते. म्हणूनच व्याप थोडा ठेवावा, पण खंड पडू देऊ नये. वर्षातून एक दिवस मंडप घालण्यास जो खर्च येतो, त्यात असे वर्ग वर्षभर चालावेत. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: वर्गात औषधविक्री नको, कंपनीचे फलक नकोत आणि आपल्या दवाखान्याची जाहिरातही नको.

साध्य रुग्णाविषयी प्रीती हे वैद्यवृत्तीचे एक अंग मानले गेले आहे. सेवेसही हेच लागू पडते. आपल्या आवाक्यातील चार घरे निवडावीत आणि ती सोडू नयेत. शाखांच्या आगामी बैठकांत या सूचनेचा विचार व्हावा, ही विनंती.