पेढीचा संगणकीय पत्ता व कंपन्यांचा करार

व्यापाऱ्याची पत त्याच्या शब्दावर आणि ठावठिकाणा त्याच्या पेढीवर, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. आता डिचोलीच्या पेढीवरील हिशेबाचा संगणक पेडण्याच्या गोदामातून पाहावयाचा, तर त्या संगणकासही कायमचा ठावठिकाणा लागतो. 'स्टॅटिक आयपी' म्हणतात तो हाच न बदलणारा पत्ता. त्याकरिता इंटरनेट कंपन्या निराळे भाडे घेतात. भाड्यास आमची हरकत नाही. भाडे घेऊनही पत्ता न टिकविण्यास आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पेढीचा पत्ता कंपनीने पूर्वसूचनेवाचून बदलला. तीन दिवस गोदामातील दिवाणजींस शिल्लक माल पाहता येईना. पोती मोजून फोनवर आकडे सांगावे लागले. बँकेत जुनाच पत्ता नोंदलेला असल्यामुळे संगणकातून परभारे होणारी देणीही अडली. कंपनीचे उत्तर काय? 'नेट तर चालू आहे!'

मुळात या पत्त्यांची टंचाई आहे, हे मान्य केले पाहिजे. जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांच्या जागतिक कोठारातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तेव्हापासून अनेक ग्राहकांस मिळून एकच पत्ता देण्याची रीत वाढली. अशा सामायिक दारातून आपणांस बाहेर जाता येते, परंतु बाहेरच्यास नेमके आपल्या बिऱ्हाडी येता येत नाही. टंचाईत भेसळ वाढते, हे धान्यवाल्यास कोणी सांगावयास नको. काही ठिकाणी हाच सामायिक माल 'स्थिर' म्हणून खपविला जातो. कधी पत्ता स्वतंत्र मिळतो, पण पूर्वीच्या कुळाच्या उपद्व्यापांमुळे तो काळ्या यादीत असतो आणि आपली पत्रे परत येतात.

नव्या पद्धतीचे पत्ते विपुल आहेत, मात्र दोन्ही टोकांस ती पद्धत चालू असेल तरच त्यांचा उपयोग.

२० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाईलचा क्रमांक कंपनी बदलली तरी ग्राहकाबरोबर जातो. या पत्त्याचे तसे नाही. तो कंपनीच्या गठ्ठ्यातला, म्हणून तिच्याकडेच राहतो. पावसात तार तुटेल म्हणून दुसऱ्या कंपनीची जोडणी ठेवली, तरी तिचा पत्ता निराळाच. तोही बँकेत आधीच नोंदवून ठेवावा.

आमच्या तरुण सभासदांचे म्हणणे असे की, गोदामातून पेढीपर्यंत खाजगी, कुलूपबंद वाट करावी. हिशेबाचा संगणक जगासमोर उघडा ठेवू नये. ते रास्त आहे. केवळ एका परवलीच्या शब्दावर खतावणी उघडी टाकणे म्हणजे वखारीची किल्ली दारालाच टांगणे. तथापि बँकेस नोंदलेला पत्ता लागतो, तोवर करारावाचून सुटका नाही.

एकट्या दुकानदारास कंपनी दाद देत नाही. म्हणून आपल्या मंडळाने सर्व सभासदांकरिता एकच करारपत्र तयार करावे. पत्ता स्वतंत्र व सार्वजनिक असल्याची लेखी हमी त्यात असावी, बदलापूर्वी तीस दिवसांची सूचना असावी, आणि ती न दिल्यास वर्षाचे भाडे परत मिळावे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा ठराव आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी आपापल्या जोडणीची बिले बरोबर आणावीत.